आधी मार, मंग कारन

माझं गाव पवनीच्या वरतं, गावाले तलाव, तलावाखाली आमचं धानाचं वावर, आज्यानं तिथंच रोवना केला, म्हंजे धानाची रोपं लावली, बापानं तिथंच, मीबी तिथंच. शाळेचं म्हनाल तं दुसरीपर्यंत गेलो. मास्तर म्हनले सोनबा पाढा म्हन, मी म्हनलं येते पन आज नाही म्हनत, तं त्यायनं छडी हानली, तं मी पाटी तिथंच ठेवली आन घरी आलो तो पुन्हा गेलोच नाही. बाप म्हने जा, माय म्हने जा, मास्तर सोता घरी आले, नाही गेलो. लोक म्हनते सोनबा अडानी राह्यला. राह्यला तं राह्यला, पन कोनाच्या म्हनन्यानं आपन काही केलं नाही, हे आधी लिहून ठेवा, मंग बाकीचं.

मले बहीन एकच, सखू, माझ्याहून लहान. तिले दिली ते गाव असं की सकाळी रेंगी जुपली तं दुपारी पोचावं. रेंगी म्हंजे आमची हलकी बैलगाडी, मानसं न्यायची. आता तुम्ही बाहेरचे, तुम्हाले सांगाव लागते, दिवाळी झाली की आमच्या इकडं गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार, रातच्याले नाटक, आन मंडईले लेकीबाळी माहेरी येते, त्यायले आनाले भाऊ जाते. भाऊ गेला नाही तं लेकीची इज्जत जाते, आन भाऊ जाऊन रिकामा वापस आला तं भावाची जाते. माझी गेली ते अशी गेली.

तवा गावात लाईट नव्हते, सत्तरच्या वरची सालं असन, सखूची लीला पाच-सहा वर्सांची. माझी बायको पार्बता पयल्यांदा पोटुशी, आठवा लागलेला, घरात आनंद, तं मी बैलायले झुली घातल्या, शिंगं रंगवली आन सखूले आनाले गेलो. भाटवा, म्हंजे सखूचा नवरा, चौकातच उभा. राम राम नाही, पानी नाही, म्हने पाठवत नाही. मी म्हनलं काहून? म्हने नाही म्हंजे नाही, घे तुही रेंगी आन जाय वापस. लोक जमले. एक जन म्हनते, सालेबुवा, बहीन नाही तं हवा भरून न्या रेंगीत, बैलायले ओझं नाही होनार. सारा चौक हासला. भाटवा हासला नाही, पन त्यानं त्यायले चूप बी नाही केलं. मी रेंगी वळवली, आन वाटेत जेवढी गावं लागली तेवढ्या गावात लोक विचारे, काहो सोनबा, बहीन कुठं आहे? काय सांगू तुम्हाले, रंगवलेल्या शिंगाचे बैल आन मागं रिकामी रेंगी.

त्या दिवशी मी घरात सांगून टाकलं, या घरात त्या मानसाचं नाव निघालं नाही पाह्यजे. सखू येवो, पोरंसोरं येवो, माह्या जिवाचे आहे, पन त्याचं नाव नाही. पुढच्या सालापासून सखू आपली एसटीनं ये, मी फाट्यावर जाऊन आनो, राहे, खाये-पिये, जाये. त्याचं नाव कोनी काढलं नाही. दहा-बारा वर्सं अशीच गेली, पोरं मोठी झाली. मंग सखूच्या लीलाचं लग्न जुळलं.

मी मनात काय धरून बसलो होतो ते बी सांगतो, लपवाचं काय आहे. आमच्यात मंडपात नवरीच्या मागं मामा उभा राह्यते. भटजी हाक मारते, मामा या. तं मी ठरवलं होतं, हाक पडल, पुन्हा पडल, सारा मंडप इकडं तिकडं पाहील, आन मामा नाही. मंग त्या मानसाले समजल रिकामं काय असते. हे मले येवढं गोड वाटे, धान निंदता निंदता मी एकटाच हासो.

त्याच साली मंडईले आमच्या गावात व्हिडिओ आला. रातच्याले नाटक होतं, त्याले हात कोन लावनार, म्हनून व्हिडिओ भरदुपारी. धान गिरनीच्या गोदामात खिडक्यायले बारदाने लावले, अंधार केला, आन भंडाऱ्याहून एक पोट्टा टीव्ही आन ती मशीन रजईत गुंडाळून एसटीनं घेऊन आला, बाळंतिनीले आनावं तसा. पिक्चर चिनी लोकायचा, हातापायाच्या मारामारीचा. बोलनं कोनालेच समजे ना, पन मार समजते, त्याले भाषा कायले पाह्यजे? पोट्ट्यानं कॅसेट घातली, बटन दाबलं आन गेला भजे खायाले.

सुरू झालं तेच मारामारीनं. एक तगडा जवान, उघडा, आन समोर पांढऱ्या दाढीचा म्हातारा. म्हाताऱ्याचे चेले मधात येते, जवान एकेकाले उचलून फेकते, कोन भितीवर, कोन पान्यात. मंग म्हाताऱ्याले धरलं. म्हातारा बी कमी नव्हता, हवेत उडे, पन वयच ते. गोदामातल्या बाया कळवळल्या. आमची सखू मंडईले आलीच होती, ते समोर बसून शिव्या देऊन राहिली, अरे मेल्या, तुह्या बापाच्या वयाचा आहे, सोड ना त्याले, तुहे हात झडो. शेवटी म्हातारा मेला. आन तो जवान, जिंकलेला, त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडाले लागला, ढसाढसा. पिक्चर सरला, टीव्हीवर मुंग्या आल्या.

मंग गलका झाला, हे काय झालं, कायले मारलं, आन मारलं तं रडते कायले? मले बी तेच लागून राह्यलं, जिंकला ना हा, मंग रडून काहून राह्यला? तेवढ्यात पोट्टा भजे खाऊन आला, डोक्याले हात लावला. म्हने मागच्या गावात लाईट गेली होती अर्ध्यात, कॅसेट मागं फिरवाचीच राह्यली, तुम्ही नुसतं मागचं पाह्यलं जी. अन् मशीन घुर्र घुर्र करत मागं फिरवली, आन पयलं लावलं.

पयल्यात काय, तोच जवान, पन लहानसा पोर. तोच म्हातारा, दाढी काळी, त्या पोराले खांद्यावर बसवून जत्रेत फिरवते, ऊस देते. बायायनं लगेच ठरवलं, हा त्याचा मामाच. आन मंग तोच मामा एका पहाटे मानसं घेऊन येते, पोराच्या बापाले मारते, घराले आग लावते, पोर धान साठवाच्या ढोल्यात लपून सारं पाह्यते. सखूनं तोंडाले पदर लावला, म्हने हात तुह्या दाढीच्या, आन मी तुह्यासाठी रडून राहिली होती! मागून एक म्हातारा बोलला, सोनबा, हा मामा तुह्यासारखाच दिसते, भाचीच्या लग्नाले बी आग लावूनच जाईन. गोदाम हासलं. मी वळून पाह्यलं, पन अंधारात कोनाले मारता?

पयलं सरलं, तं लोक म्हनते आता मागचं पुन्हा दाखव. दाखवलं. मी टीव्ही नाही पाह्यला, मी लोकच पाह्यले. तोच मार, तोच म्हातारा, तेच लोक, आन आता बाया टाळ्या वाजवून राहिल्या, मार, मार, अजून मार. शेवटी तो जवान रडाले लागला तवा त्यायचे डोळे भरले, कारन आता साऱ्यायले माहीत होतं का कोनाचं डोकं त्याच्या मांडीवर आहे. मले तं चैनच पडे ना. घरी आलो, बैलाले पानी दाखवलं, तरी डोक्यात तेच. माह्या रेंगीचं मी मागचंच पाह्यलं. पयलं कोनी पाह्यलं होतं?

सखू आन पार्बता चुलीपाशी लाखोरीच्या डाळीचे वडे तळून राहिल्या होत्या. मी उंबरठ्यावर बसलो, आन इतक्या वर्सात पयल्यांदा तोंड उघडलं. म्हनलं सखू, त्या साली त्यानं तुले काहून नाही पाठवलं?

सखूनं वड्यातून नजर नाही काढली. म्हने दादा, त्यायनं नाही, मीच म्हनलं होतं पाठवू नका. मी म्हनलं, काय? म्हने माहं पोटातलं गेलं होतं पाचव्या महिन्यात, तुम्ही आनाले आले त्याच्या आधी, पंधरा दिवस नसन झाले. कोनाले कळवलं नव्हतं. वयनीले आठवा लागलेला, पयलं लेकरू, आन मी रिकाम्या पोटानं तिच्यासमोर येऊन बसू? माही सावली तिच्यावर पडू? काही झालं असतं तं मी जगली असती का? मी म्हनलं मंग सांगाचं होतं ना. म्हने सांगितलं असतं तं तुम्ही आईकलं असतं? सावली फिवली काही नसते म्हनून मले उचलून रेंगीत टाकलं असतं, मले माहीत नाही का तुम्ही? मी त्यायच्या पायावर हात ठेवला, म्हनलं कायबी सांगा, पन हे नका सांगू. आता त्यायले गोड बोलता येत नाही, कधीच येत नाही, वाकडं बोलून मोकळे झाले. घरात आले आन दिवसभर जेवले नाही.

पार्बताचा झारा कढईतच राह्यला, वडा जळाले लागला. तिनं सखूचा हात धरला आन धरूनच बसली. मी सखूले म्हनलं इतकी वर्सं तू बोलली काहून नाही? म्हने तुम्हीच तं नाव काढू देत नव्हते घरात. बरं ते जाऊ द्या दादा, लीलाच्या लग्नाले येता का नाही, तेवढं सांगा.

मी उठलो. एक वडा उचलला आन गेलो वावरात. माहं मन लगेच फिरलं असं समजू नका, मले रागच आला. म्हनलं एवढे दिवस हा मानूस माही शिवी खात बसला, याले काय हक्क होता? हे बी माह्यावर उपकारच करून ठेवले ना.

पन लग्नाच्या आदल्या दिवशी रेंगी जुपली आन गेलो. पार्बता संगं, आमचा मोठा संगं, तोच, त्या सालचा. भाटवा मंडप घालून राह्यला होता, जांभळाच्या डहाळ्या टाकून राह्यला होता वरतं. मले पाह्यलं. म्हने आला का? मी म्हनलं आलो. म्हने बस. मी म्हनलं बसाले नाही आलो, काम सांग. म्हने मंग ते डहाळी दे वर. मी देत गेलो, तो बांधत गेला. दुपार झाली तवा मी म्हनलं, मले सांगाचं होतं. तो वरूनच म्हनते, तू विचारलं कवा?

दुसऱ्या दिवशी भटजीनं मामा म्हनून हाक मारली, तं मी आधीच उभा होतो. मी लीलाच्या खांद्यावर हात ठेवला, म्हनलं भिऊ नको, मामा आहे मागं.

आता काय, सखू जाऊन दोन पावसाळे झाले. लीला नातवंडं घेऊन येते. त्या मानसाचं आन माहं अजून बी पटत नाही, तो धानाले पानी लवकर सोड म्हनते, मी उशिरा सोडतो. पन मंडईले येते, दरसाल, आमच्या मोठ्यानं सोता जाऊन आनाव लागते त्याले, आता मोटरसायकलनं. उतरला की मोठा त्याच्या पाया पडते. दुसरा कोनी असता तं सुखी राह्य म्हनला असता, शंभर वर्सं जग म्हनला असता. हा म्हनते, काय लेका, पोट सुटलं तुहं. तेवढंच. पन त्याच्या डोक्यावर ठेवलेला हात लवकर काढत नाही.