दादाच्या फोटोची लायटिंग

शिळफाट्याला गेलो की मी लायटीच्या दुकानातल्या काकीला नमस्कार करायला का थांबतो, विचारता ना? ऐका मग.

माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं, तेरावं दुसऱ्या दिवसावर आलं होतं. त्याच्या फोटोभोवती मला एलईडीची पट्टी लावायची होती. पट्टी आणली होती, पण तिला वीज देणारा सप्लाय, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, आणायला धीर कुणाला? घरातल्या पाण्याच्या फिल्टरचा अ‍ॅडॉप्टर कापला आणि वायरी जोडल्या. फोटो असा झगझगला की आत्या हात जोडून उभी राहिली. तेवढ्यात वास सुटला आणि पट्टी जळाली.

तसाच गाडी काढून शिळफाट्याला गेलो. काकीनं सगळं ऐकून घेतलं.

"पट्टी बारा व्होल्टची, तुझा अ‍ॅडॉप्टर चोवीसचा. जळणारच ना रं! नवी पट्टी साठ वॅटची हाय. तिला बारा व्होल्टचाच सप्लाय घे, शंभर वॅटचा. बरोबर साठचा, काठावरचा घेतलास तर तापंल."

"शंभरचा नको, सगळ्यात मोठा द्या. दादासाठी हाय."

"मोठ्यानं उजेड वाढत नाय. पट्टी लागंल तेवढंच घेते."

"मला मोठाच पाहिजे!"

"दादाला उजेड द्यायचाय का खोका?"

बारा दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं, आणि हसता हसता काउंटरवर डोकं टेकून मी रडायलाच लागलो. मागचं गिऱ्हाईक घाई करू लागलं. काकी त्याला म्हणाली, "थांबा जरा. आधी याचं रडून होऊ दे."