विहिरीतलं बारीक पाणी

ये गं पोरी, अशी जवळ बस, पाव्हणीवानी उंबऱ्यात काय टेकलीस, आन् ती वही जरा बाजूला ठेव, आधी ऐक तरी.

मी आष्ट्याची. बाप बैलगाड्यांवर नावं रंगवायचा, त्याचं बघून बघून हात बसला, शाळा न्हाईच. लगीन होऊन इकडं दुष्काळात आले. नव्वदच्या पुढची सालं ती, गावानं पाणी कमिटी केली, म्हणाले वैनी, कमिटीची खूण विहिरीत काढा, पाणी तळाला गेलं की कळाय पायजे. मी सुबक अक्षरं कागदावर काढली तर धनगराची म्हातारी हसली, म्हणाली, बाई, आमाला वाचता कुठं येतंय? उन्हाळ्यात मेंढरू वाळतं तसं वाळव की अक्षर. बघ, कसं बोलली! मग मी विहिरीत वरनं खाली पाच येळा ‘पाणी’ काढलं, वरचं धष्टपुष्ट, खाली खाली बारीक, शेवटचं नुसती काडी. काडी दिसली की शेताला पाणी वढायची इंजनं बंद, उरलं ते प्यायला.

दोन वर्सं चाललं. तिसऱ्या उन्हाळ्यात भावाचं लगीन करून माघारी आले तर घागरीत गाळ, आन् इंजन सुरूच. काठावरच्या माणसांस्नी म्हनलं, आवं, बंद का न्हाई? तर म्हणाले, अक्षर जाड हाय की! वाकून बघितलं तर माझी काडी कुणीतरी फुगीवली होती गं. आन् वेलांटीचं शेपूट इंचवाच्या नांगीवानी वर वळलेलं. काय सांगू तुला, तसं शेपूट एकच माणूस काढायचा, माझा धाकटा दीर. त्याला ब्रश मीच धरायला शिकीवलेला. त्याची डाळिंबं त्याच पाण्यावर.

सासू म्हणाली, घरातलं घरात ठेव. पण मी देवळापुढं सगळ्यांसमोर बोलले. दीर म्हणाला, वैनी, घरातल्याच असून उठलासा व्हय माझ्यावर? अजून त्ये कानात हाय. गाव म्हणालं, त्यानंच खरडून पुन्हा काडी करायची. दोर बांधून खाली सोडला त्याला. दोर मी धरला, दुसऱ्याला धरू दिला न्हाई.

त्या साली डाळिंबं वाळली. दोन वर्सं बोलला न्हाई माझ्याशी. तवापासनं गावानं ठरीवलं, दर उन्हाळ्यात येगळ्या घरानं रंगवायचं, समद्यांनी काठावर उभं राहून बघायचं. म्हणून दर साली अक्षराचा तोंडवळा निराळा, पण काडी काडीच.

औंदा रंगवायची पाळी दिराच्या बायकोची हाय. तवा दोर त्यो धरणार, मला म्हणाला, वैनी, तुमी नुसत्या बसा. तू ये बघाय, आन् पावसाचं पाणी वर चढायच्या आत ये, मग काडी बुडती.