नवंच मशीन पाहिजे

हसू नका, पण त्या दिवशी माझं डोकंच चालंना झालं. स्लॅबच्या फळ्या कापायला नागनाथ मिस्त्रीचं जुनं मशीन होतं की! पण गडी अडूनच बसला, "मालक, नवंच घ्या. पात्याला झाकण असलेलं." का, ते काय सांगंना.

शेवटी कळंबहून नवं आणलं. बायकोनं पूजा करून पात्याला ओलं कुंकू फासलं. मिस्त्रीनं फळीवर मशीन टेकवून बटण दाबलं अन् त्याच्या हातावर, सदऱ्यावर लालच लाल!

"मेलो!" म्हणून त्यानं डोळे गच्च मिटले. म्या बोर्डातनं मशीनची पिन उपसली, त्याच्या दोन्ही हातांची बोटं मोजली. नऊ!

"अगं, बोट गेलं! फळ्यांखाली बघ!"

आमी दोघं गुडघ्यावर बसून भुसा चाळतोय, बोट काय सापडंना. तेवढ्यात बायकोनं लाल डाग चोळून बघितला. "अवो, हे तर कुंकू हाय!"

"मग बोट कुठं गेलं?"

मिस्त्रीनं हळूच एक डोळा उघडला. "ते व्हय? ते मागल्या साली जुन्या मशीननं नेलं. म्हणून तर नवं घ्या म्हणलो!"