प्रधानाची ओळ

हॅलो? ताई? आज सत्याचा विजय होणार आहे… नाही गं, कोर्टात नाही. डेक दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानात आहे… व्हिडिओचा डेक. आपल्या शाळेच्या नाटकाची कॅसेट सापडली… हो, तीच. तू राजा, मी प्रधान. बाबांनी काढलेली. ते गेल्यावर कपाटाचा वरचा खण कोणी उघडलाच नव्हता. बुटांच्या खोक्यात होती.

हसतेस काय? बत्तीस वर्षं 'विसरभोळा प्रधान' ऐकून घेतेय. तुझी मुलंसुद्धा मला प्रधानमावशी म्हणतात. स्टेजवर ओळ मी विसरले नव्हते, तू विसरलीस… बरं, नाही विसरलीस. आता टेपच सांगेल.

अगं ऐक ना, चार डेक आहेत. पहिला टेप चावतो… आपली नाही, काकांची चावली. दुसऱ्याचं चित्र झकास, आवाजच नाही. तिसरा पॉज केला की नुसता कुडकुडतो, ताप भरल्यासारखा. चौथा घेतेय, चार हेडचा, त्याचं चित्र पॉजवर हलत नाही… हो, चार डोकी. आपल्या घरात सगळ्यांची मिळून नाहीत तेवढी.

पॉज कशाला म्हणजे? तू गप्प झालीस तो क्षण थांबवून दाखवायचाय. रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलंय… तुलाही. तू तर प्रमुख पाहुणी.

थांब, काका लावतायत… हो, हो, फोन धरलाय. टेपवरची बुरशी पुसलीय त्यांनी… आलं. ताई, आलं गं चित्र. तुझा पुठ्ठ्याचा मुकुट कानावर आलाय. आणि ही मी, मिशीवाली. किती बारीक होतो आपण… बरं, मी होते.

दरबार सुरू झाला. काका, आवाज वाढवा… तू सिंहासनावरून उठलीस. आता. आता बघ…

अं?

काका, मागे घ्या जरा. परत लावा… परत एकदा.

आहे गं, आहे फोनवर.

नाही… तूही दिसत नाहीस, मीही नाही. कॅमेरा खाली गेलाय. बाबा खोकतायत… थांब, फोन टीव्हीजवळ धरते. ऐकलंस?… हो ना. अगदी तस्साच. ठसका लागला की थांबायचाच नाही.

ताई?… नाक पूस आधी.

हो, हाच डेक घेतेय… ये रविवारी, मुलांनाही आण… अगं, ओळ टेपवर नाहीच. कॅमेरा वर येईतो पडदा पडलाय… पॉज? पॉज उत्तम आहे. बाबांच्या डाव्या बुटाची नाडी सुटलीय. ठेवते.