धुऱ्यावरच्या भोरड्या

...अन वरून मलेच बोल लावते! मलेच! वकीलसाहेब म्हनते, "खुशालराव, पक्षी पाहायचा असतो, हाकलायचा नसतो!" आता तुमीच सांगा भाऊ, ज्यानं उभी जिंदगी वावरात माच्यावर उभं राहून पाखरं हाकलली, हाकलू हाकलू ज्याचा गया बसला, त्याले एका सकायी पाखरं पाहाले शिकवाचं म्हनजे काय? मांजरीले दुधावर राखन बसवनं झालं हे!

थांबा, मुयापासून सांगतो, नाई तं तुमी म्हनसान खुशालराव भैताड झाला.

माह्या अन पंजाबरावाच्या वावराच्या मधात एक धुरा आहे, बांध म्हना, त्याच्यावर पयसाचं झाड. धुरा माह्या आज्यापासूनचा आमचा. पन पंजाबराव दर साली वखर फिरवता फिरवता एक एक तास, सरीभर, इकडं सरकते. हसत हसत सरकते! रामराम घालत सरकते! आता तं तो पयस मलेच इचारते, का बाप्पा, मी नेमका कोनाचा? मंग लावला दावा मूर्तिजापूरच्या कोर्टात, अन वकील केला अकोल्याचा, मोरोपंत वकील. मानूस गंज हुशार, कायदा निरा तोंडपाठ! पन त्याईले डाक्तरानं सांगतलं का सकायी फिरत जा, अन भाच्यानं आनून देली दुर्बीन. झालं! तवापासून वकीलसाहेब कागद कमी पाहाते अन झाडं जास्त.

सोमवारची तारीख लागली. मी हात जोडले, म्हनलं साहेब, एक डाव मौका पाहून घ्या, धुरा आपल्या डोयानं पाहा. तं म्हनते, "येतो की! रविवारी सकाळीच येतो. फाल्गुन आहे, पळस फुलला असेल, रानफुलं असतील, पक्षी असतील... जाता जाता धुराही बघून घेऊ." जाता जाता! माह्या आज्याचा धुरा, अन हे पाहानार जाता जाता! पन गरजवंताले अक्कल नसते भाऊ. गेलो बैलाची रेंगी घेऊन ठेसनावर.

संगं आमचे पोलीसपाटील नत्थुजी. आता पाटलाचं पाखरात काय काम? पन माह्या घरी बायकोनं, सुभद्रेनं, वकीलसाहेबासाठी पुरनाच्या पोया लावल्या होत्या, अन त्याचा वास पाटलाच्या ओट्यापर्यंत गेलता.

वावरात पाय ठेवला नाई, तं वकीलसाहेब मटकन खालीच बसले. मले वाटलं काटा भरला! तं म्हनते, "अहाहा! खुशालराव, ही जांभळी फुलं कोणती हो?"

म्हनलं, "रिंगनी. तन आहे जी."

"आणि ही पिवळी?"

"तन."

"आणि ही इवली इवली पांढरी?"

"तेही तनच साहेब. निंदून निंदून आमच्या बाईची कंबर गेली."

"तण काय म्हणता? रानफुलं म्हणा, रानफुलं!"

म्हनलो बाप्पा! रानफुलं तं रानफुलं! उद्या कोर्टात इचारलं, का खुशालराव, वावरात काय पेरलं, तं तेच सांगीन!

मंग बाभयीवर एक होला बसला. वकीलसाहेबानं व्होटावर बोट ठेवलं, "श्शऽऽ!" मीबी गप्प उभा राह्यलो... पन काय सांगू तुमाले, तोंडच आपलं नाई न! "हाऽऽ हुर्रर्रर्र!" होला गेला थेट पल्याडच्या शिवारात. वकीलसाहेबानं दुर्बीन खाली केली अन म्हनले, "खुशालराव, पक्षी पाहायचा असतो, हाकलायचा नसतो!" मंग मी दुपट्टा तोंडावर बांधला. पुढं राघूचा थवा आला, तं तोंड बंद, पन टाया कोनं वाजवल्या? मीच! मांगून नत्थुजी खी खी करून हासून राह्यले. "खुशालराव, पक्षी पाहायचा..." हो हो साहेब, पाहाचा असते!

बरं, मी बोलाले जावं धुऱ्याचं, "साहेब, मोजनीचा नकाशा..." तं "श्शऽऽ!" "नाई पन, पंजाबरावानं मांगच्या साली..." तं "श्शऽऽ! डावीकडे, डावीकडे!" शेवटी म्हनते कसे, "आता पुन्हा एकदा जरी हाकललंत ना, तर उद्या कोर्टात मी उभा राहणार नाही. वकीलपत्र परत!" वकील गेला म्हनजे तारीख गेली, अन तारीख गेली म्हनजे आज्याचा धुरा गेला. म्या मनातल्या मनात अंबादेवीले नवस बोललो, का माय, आजच्या दिवस मले दगड कर!

आलो धुऱ्यावर. पयस असा फुलला होता, असा फुलला होता... खरं सांगतो, मलेबी घडीभर बरं वाटलं. अन त्याच्यावर थवाच्या थवा! गुलाबी अंग, कायं डोकं, निरा कलकलाट! वकीलसाहेबाचे डोये पान्यानं भरले. "पळसमैना! खुशालराव, किती दूरदेशाहून येतात हो या! पाहुण्या आहेत आपल्या!"

पाहुन्या?! अहो, ह्या तं भोरड्या! माह्या जवारीचं एकही कनीस धड न ठेवनाऱ्या! असा पाहुना घरी आला तं आपून त्याले पाट मांडतो का काठी पाहातो? पन मी दात खाल्ले अन उभा राह्यलो. तोंड दुपट्ट्यानं बांधलं होतं, हात बंडीत खुपसले होते. पन गोफन तं माह्या कमरेलेच राह्यते न! कवा हात बाहेर आला, कवा दगड घातला, कवा गोफन गरगरली, मले काही समजलंच नाई. सुटला दगड! भोरड्या भुर्रर्र... अन पयसाच्या मांगून आवाज आला, "आयोऽऽ मेलोऽऽ!"

पंजाबराव! लेकाचा झाडाआड बसून आमचं बोलनं आयकत होता! फेट्यानं वाचला, नाई तं नारयच फुटलं असतं. तरी टेंगूय आलं चांगलं लिंबाएवढं.

वकीलसाहेबानं पंजाबरावाकडं पाह्यलंबी नाई. लालेलाल झाले! "पक्ष्यांवर दगड? माझ्यासमोर? संपलं! तुमची केस मी सोडली!" अन चालू लागले तरातरा ठेसनाकडं. उद्या तारीख! मी धावत गेलो, पाय धरले, दुपट्टा काढला अन जे तोंडाले येईन ते बोललो. "नाई जी साहेब! पाखरावर कोन मारीन? अंबादेवीची आन, मी पाखरावर मारलाच नाई! माहा नेम थेट पंजाबरावाच्या टकुऱ्यावर होता!"

वकीलसाहेब थांबले. "खरं सांगता?"

"खरं जी!"

"पक्ष्यावर नव्हता नेम?"

"बिलकूल नाई! पंजाबरावावरच!"

असा निवला तो मानूस! माह्या खांद्यावर हात ठेवला, म्हनले, "मग ठीक आहे." मलेबी हायसं वाटलं. वाचलो बावा... अन मांगं पाह्यलं. पंजाबराव डोक्याले हात लावून धुऱ्यावर बसला होता, अन हासून राह्यला होता! म्हनते, "पाटील, आयकलं न?" अन आमचे नत्थुजी मिशीवर हात फिरवून म्हनते, "आयकलं तं. काहून रे खुशाल्या, हे तं फौजदारी झालं! तुह्या तोंडानंच कबूल केलं, अन तेबी वकिलासमोर!"

मी वकीलसाहेबाकडं पाह्यलं. म्हनलं, "साहेब, बोला न काही! कायदा सांगा न!" तं त्याईच्या डोयाले दुर्बीन! "श्शऽऽ! परत येताहेत!"

मंग काय? दुपारी पंजाबराव टेंगयाले हयद लावून माह्याच घरी, माह्याच पाटावर, माह्याच पुरनाच्या पोया तुपासंगं हानून राह्यला होता. नत्थुजीनं तोड काढली, का खुशालनं धुरा सोडाचा अन पंजाबनं फिर्याद सोडाची. समझोता लिवला कोनं? माह्याच वकिलानं! अन आपल्या मनानं वर एक कलम घातलं, का पयस कोनीच तोडाचा नाई. अन तुमाले म्हनून सांगतो, भाऊ, इथंच ठेवा... खरा नेम कोनावर होता, हे मलेबी आजवर समजलं नाई.

सोमवारी कोर्टात उभा राह्यलो. जजसाहेबानं कागद वाचला, चष्म्यावरून पाह्यलं अन इचारलं, "खुशालराव, कोणाची जबरदस्ती नाही ना? धुरा पंजाबरावांनी घ्यावा, ही तुमचीच इच्छा ना?" आता काय सांगू? बापानं नावच असं ठेवलं, दुसरं काय येईन तोंडातून?

म्हनलं, "घ्या म्हना साहेब... खुशाल घ्या!"