परटाच्या कुंडातला सम्राट

—नाही हो दादा, मुतात नाणं पडलं म्हणजे सम्राटांचा अपमान, असं कसं? आम्ही परीट. रोमच्या ह्या ऑस्तिया बंदरातले सगळे पांढरे झगे मुतातूनच उजळून निघतात — बड्या अधिकाऱ्यांचेसुद्धा! कोपऱ्यावर आमची मडकी असतात, येणारा-जाणारा भरतो, ते कुंडात ओतायचं आणि कपडे पायांनी तुडवायचे. तुमचा हा झगाही तसाच धुतलेला असणार. चणे घ्या ना. कोर्टाचा पुकारा व्हायला वेळ आहे अजून. गुन्हा काय, तर आमच्या ह्यांनी, हिलारसने, सम्राटांचा चेहरा मुतात तुडवला. झगा न्यायला आलेल्या कुणाच्या तरी गुलामाने कुंडात काशाचं नाणं पाहिलं, आणि त्या गुलामाच्या मालकाने केली फिर्याद! शाबीत झालं तर खाणीत धाडतील — खोकणारा म्हातारा माणूस, तिथे किती टिकणार? वकील म्हणालेत, एवढंच घोक: नाणं झग्याच्या घडीत राहिलं होतं, चुकून पडलं. घोकलंय मी. पण खोटंच ना ते? तुम्ही भले दिसता म्हणून सांगते — चुकून कसलं, ह्यांनी स्वतः टाकलं! भक्तीने हो! सम्राट कधी आमच्या गल्लीत आलेत? आम्हाला त्यांचा चेहरा ठाऊक तो नाण्यावरचाच — डोक्यावर पानांचा मुकुट, मागच्या बाजूला कणसं घेतलेली देवी. तो चेहरा काळा पडलेला ह्यांना बघवत नाही. मुरलेल्या मुतात भिजवून राखेने घासला की कसा सोन्यासारखा झळकतो! दर सणाला हेच, एक नाही, घरातली सगळी नाणी. मग देव्हाऱ्यात, घरच्या देवांशेजारी. — पायाने? हो, पायानेही रगडतात थोडं, हाताची सालपटं निघतात ना. एकदा इतकं रगडलं की सम्राटांचं नाकच गेलं! हसून हसून पुरेवाट झाली आमची. मला म्हणाले, बघ गं, हुबेहूब तुझा बाप—

तुम्ही हसत नाही. खरंय, हसायची जागा नाही ही. पण आत हे असंच सांगितलं तर न्यायाधीशांना पटेल ना, की एवढी माया करणारा माणूस — बघा, तुम्हीसुद्धा मान हलवलीत! त्या फिर्यादी मेल्याचं तर मी तोंडही पाहिलेलं नाही. त्याला काय कळणार— थांबा, पुकारा होतोय. आमचाच. आधी फिर्यादीला बोलावताहेत... बसा ना दादा, तुम्हाला नाही, फिर्यादीला—

दादा?