मागची काहील

सरपण वाचवायच्या गप्पा तुम्ही काढल्याच आहात, तर माझंही ऐका. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. निंबर्ग्याला आमचं गुऱ्हाळ होतं. चुलवणातली धग धुराड्यातून नुसतीच वर जायची, ते मला बघवेना. म्हणून धुराड्याच्या वाटेवर मी दुसरी काहील बसवली. रस तिथंच तापायचा आणि ढीगभर चिपाडं वाचायची. मी गावभर मिरवत होतो.

भद्रण्णा आमचा जुना गुळव्या. बोटं पाण्यात बुडवून तो उकळता पाक उचलायचा, गोळी वळून बघायचा आणि काहील कधी उतरवायची ते सांगायचा. त्याचा अंदाज कधी चुकला नव्हता. त्या थंडीत मात्र लागोपाठ दोन दिवस सकाळचा पहिलाच गूळ करपला. मी चारचौघांत ओरडलो.

"म्हातारा झालास भद्रण्णा! कामून येतोस आता?"

"व्हय अप्पा," म्हणत त्यानं घोंगडं उचललं. ते त्याच्या बोटांना धरवेना.

"हाताला काय झालं?"

"थंडीनं आखडलेत. आधी पहाटं धुराड्याच्या भिंतीला हात लावून बसायचो, बोटं मोकळी व्हायची. चुलवणाची आच सोसत न्हाई. आता भिंत गार असतीय."

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

"वाया जाणारी धग धरली म्हणून तू गावभर सांगायलास. ती माझ्या हाताला लागत होती, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

मी त्याचे हात हातात घेतले. शेजारी चुलवण धडधडत होतं, आणि हात दगडासारखे गार.